अडीचची बांगडी

अमरावती, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

सकाळपासून डोक्यात एकच, त्या बांगड्या!

ऍस्पिरिनच्या गोळ्या नेमाने दिल्या तर संधिवाताची सूज खरंच उतरते का, हे तीन महिने दवाखान्यात तपासते आहे. दर महिन्याला बोटांच्या सांध्यांभोवती मोजपट्टी लावायची, माप वहीत लिहायचं. बडनेऱ्याच्या गिरजाबाईच्या नावापुढे दोनदा लिहिलं, ‘फरक नाही’. आज तिसऱ्यांदा तेच लिहिलं, तर ती हसली.

"तुमची पट्टी खोटं बोलते, डॉक्टरीणबाई. मांगं कासारानं पावणेतीनच्या मापाच्या भरल्या तवा बोंबलली होती मी. त्याच आता भांडे घासता घासता गळून राह्यल्या. काल त्यानं अडीचच्या भरल्या, मले समजलंबी नाई."

मी चिडले. कासार काय डॉक्टर आहे? मग स्वतःचीच लाज वाटली. तिला दुखेल म्हणून पट्टी मी सैलच धरत होते. कासाराला तशी मुभा नाही. बांगडी हातात जाते, नाहीतर फुटते.

दुपारी तिच्या रक्ताची नळी तासभर उभी ठेवली. सूज जास्त असली की तांबडा गाळ भराभर खाली बसतो; आज तो गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ सावकाश बसला. म्हणजे सूज उतरतेय! एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. तरी उद्या कासाराकडून प्रत्येक मापाची एकेक बांगडी आणणार.

वहीतलं ‘फरक नाही’ खोडलं नाही. चूक माझी आहे, दिसू दे. त्याच्याखाली लिहिलं: बांगडी, अडीच.