रुस्टहोफ कालव्याचे दार आणि दोन वल्ही

मी, धनराजी जोखन बिसुनाथ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार कोकरशेजारचे घर, रुस्टहोफ कालवा, डेमेरारा नदीचा पश्चिम काठ, गयाना, हे माझे शेवटचे इच्छापत्र करून ठेवते. डोळ्यांना कमी दिसते, गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. आजची भरती किती वाजता पुरी होईल हे मी घड्याळ न बघता सांगते. कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस घातले म्हणून हे करीत नाही. भरीस घालायला इथे उरले आहे कोण? मी बोलते आहे आणि शहरातून आलेले कारकून श्री. गोन्साल्विस उतरवून घेत आहेत. ते मधूनमधून म्हणतात, बाई, हे मृत्युपत्रात येत नाही. मी म्हणते, माझ्यात येते, तुम्ही लिहा.

१. घर. हे खांबांवरचे चार खोल्यांचे घर माझे पती कै. जोखन यांनी बांधले. जमीन मात्र बांधाची, म्हणजे सरकारची, आणि गोन्साल्विस आत्ता चहा पिता पिता सांगतात की ती मला कोणालाही देता येणार नाही. पन्नास वर्षे तिथे झाडू मारला, तो कोणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. तेव्हा फळ्या, पत्रे, शिवणयंत्र आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी इंद्रावती हिला. ती न्यूयॉर्कला असते. पत्रे उपटायला ती येणार नाही हे मला कळते. तिचा दोष नाही, मीच तिला हट्टाने पाठवली आणि मीच सहा महिने रडले.

२. कोकर. कालवा नदीला मिळतो तिथले हे उचलायचे लाकडी दार. तेही माझे नाही, पण त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे कोणाला समजायचे नाही. आमचे गाव भरतीच्या पाण्याखाली आहे. ओहोटीला चाक फिरवून दार वर करायचे, कालव्याचे पाणी नदीत सोडायचे. भरती लागली की दार खाली. नोकरी जोखनच्या नावावर होती. जोखन रमच्या बाटलीच्या नावावर होता. चाक मी फिरवले. तो गेल्यावर खात्यातून कोणी विचारायला आले नाही, म्हणून मी फिरवतच राहिले. सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस आणि भरती एकदम आली तर. आत पाणी चढते, बाहेर नदी उभी, दार उघडायची सोय नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून सगळे गाव मला शिव्या घालते आणि मी पाणी मोजायच्या खुणेच्या काठीकडे बघत बसते. दुसरे काही करता येत नाही. माझ्या मागे हे कोण करील, मला माहीत नाही. इंद्रावती म्हणते, आई, भरतीच्या वेळा आता फोनवर येतात. येत असतील. चाक फोनवर फिरत नाही.

हा कालवा पलीकडच्या काठचा माझा शेजारी इव्हँडर लॅशली याच्या पूर्वजांनी खणला, गुलामीत, हातांनी. माझे आजोबा नंतर कलकत्त्याहून करारावर ऊस तोडायला आले. इव्हँडर पूर्वी मला चिडवायचा, "खणला आमच्यांनी आणि दार तुझ्या हातात, वहिनी, हा कुठला न्याय?" मी त्याच्या ताटात आणखी एक दालपुरी टाकायचे आणि न्याय मिटायचा.

३. माझी नणंद फुलमती हिला काही नाही. माझ्या लग्नातली पितळेची कढई तिने 'चार दिवसांसाठी' नेली, ती तिच्याकडेच राहू द्यावी. त्या कढईतले तिला काही चांगले जमले असे मी ऐकलेले नाही.

४. वल्ही. जिन्याखाली दोन वल्ही उभी आहेत. ती इव्हँडर लॅशली यास द्यावीत, आणि देण्यापूर्वी हे कलम त्याला वाचून दाखवावे.

जानेवारी १९८३. अननसाच्या तोडणीत त्याची बायको इस्मे हिला लॅबारिया हा जहरी साप चावला. इस्मे माझी मैत्रीण. तिच्या वेण्या मी घालायच्या आणि माझ्या डोक्याला तेल तिने लावायचे, असे आमचे होते. तेव्हा रस्ता नव्हता, बांधावर मांडीभर चिखल. आजारी माणसाला होडीत घालून कालव्याने कोकरपर्यंत आणायचे, आतले-बाहेरचे पाणी सारखे झाले की दारातून नदीत काढायचे आणि नदी ओलांडून दवाखान्यात न्यायचे. आमच्या तीन पिढ्या अशाच गेल्या. सकाळी दहाला होडी दाराशी आली. पाऊस पडत होता आणि नदी भरतीने तुडुंब होती.

इव्हँडर म्हणाला, दार उघड. मी सांगितले, उघडले तर नदी आत घुसेल, तुझी होडी उलटेल आणि खालची बारा घरे बुडतील. हे खरे होते. आजही मी दार उघडणार नाही. मग आम्ही थांबलो. इस्मे ताडपत्रीखाली पडली होती, पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. ती म्हणाली, "धनू, लवकर कर ना गं, मला थंडी वाजतेय." मी काय लवकर करणार होते?

आता जे एकोणचाळीस वर्षे पोटात ठेवले ते लिहा, गोन्साल्विस. बांधाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, जोखनची मासेमारीची होडी बांधलेली होती. तिची वल्ही माझ्या जिन्याखाली होती. इस्मेला उचलून बांधावरून त्या होडीत घालायला बावीस पावले लागली असती. ती मी नंतर मोजली. किती वेळा मोजली ते विचारू नका. तेव्हा कोणाला सुचले नाही, कारण इथला माणूस दाराशी येतो आणि दाराची वाट बघतो, त्याला दुसरे माहीतच नसते. मला सुचले. पण तासाभराने सुचले. तेव्हा तोंड उघडले असते तर सगळ्यांसमोर कबूल करावे लागले असते की तासभर ती बाई फुकट भिजली, फुकट विष चढले. मी काठीवरच्या खुणेकडे बघितले आणि म्हणाले, "झालंच, आता उतरेल पाणी." उतरायला आणखी दोन तास लागले. दार वर गेले तेव्हा इस्मे राहिली नव्हती.

त्या दिवसापासून इव्हँडर माझ्याशी बोलत नाही. दार उघडले नाही म्हणून, असे गाव समजते. मीही तसेच समजू दिले, कारण त्यात मी बरोबर होते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मेल्यावर सांगते. हा भेकडपणा आहे. मला त्याची लाज वाटते.

५. देह. माझे दहन नदीकाठी करावे. मी जाईन तेव्हा भरती असो की ओहोटी, कोणी दारासाठी थांबू नये. बांधावरून खांद्यावर न्यावे.

जोड कलम. वरील मजकूर झाल्यावर गोन्साल्विस म्हणाले, तुमची नजर अधू, तेव्हा साक्षीदारांसमोर सगळे मोठ्याने वाचावे लागेल. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. पहिले साक्षीदार दुकानदार मोतीराम वेळेवर आले. शाळेतल्या बाई येणार होत्या, त्या आल्या नाहीत. गोन्साल्विसना इथले काय ठाऊक? त्यांनी व्हरांड्यातून खाली होडीत चाललेल्या पहिल्याच माणसाला हाक मारली. तो इव्हँडर होता. परका माणूस कागदासाठी अदबीने बोलावतो आहे म्हणून तो एकोणचाळीस वर्षांनी माझा जिना चढला. मी थांबवायला हात वर केला, तर गोन्साल्विसना वाटले मला पाणी हवे. त्यांनी पाणी दिले आणि वाचायला लागले. नाव विचारायचे ते सहीच्या वेळी, अशी त्यांची रीत. मोतीराम स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

इव्हँडरने टोपी गुडघ्यावर ठेवून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "होडी मलाही दिसत होती, वहिनी. बांधावर मीच उभा होतो ना. वाटलं, तसं नेता आलं असतं तर तू बोलली असतीस. मग कुणावर तरी राग धरायला हवा होता मला."

गोन्साल्विसनी सहीसाठी त्याचे नाव विचारले, ते ऐकून कागद खाली ठेवला, आणि सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तेव्हा सही दुसऱ्या कोणाची घेऊ. इव्हँडर म्हणाला, "वल्ही नकोत मला. पेन द्या."

सबब कलम ४ मधली देणगी रद्द. बाकीचे कलम आहे तसे राहू द्यावे. वल्ही आहेत तिथेच राहतील, त्यांना आता कोणी नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते मी ऐकले, आणि ते माझेच आहे.

ठिकाण: कोकरशेजारचे घर, रुस्टहोफ कालवा.
दिनांक: १९ जानेवारी २०२२, सकाळी अकरा. भरती. दार बंद.

सही: धनराजी जोखन बिसुनाथ

साक्षीदार पहिला: मोतीराम रामसरूप, दुकानदार.

साक्षीदार दुसरा: इव्हँडर लॅशली. व्यवसाय विचारला असता, इस्मेचा नवरा असे लिहा म्हणाले, तसे लिहिले.