दिव्याखाली ठेवलेलं घड्याळ

बाबा,

आईने दिलेलं घड्याळ बिघडलेलं नाही. ते उजेडावर चालतं, आणि तुम्ही मात्र ईस्टरला चर्चमध्ये घालू म्हणून ते कपाटात कोंडलंत!

आईची निवड तर बघा. सेल बदलायची कटकट नाही, आणि पट्टा चामड्याचा, कारण ट्रॉम्सोच्या थंडीत धातूचा पट्टा मनगटाला चावतो. काय नजर आहे बाईची!

स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ठेवलंय, काटे फिरायला लागलेत. इथल्या ध्रुवीय रात्रीत जानेवारीशिवाय सूर्य काही तोंड दाखवत नाही, तोवर घरी असताना ते या दिव्याखालीच ठेवा.

मी हॉस्पिटलात आईकडे चाललेय. ती रोज विचारते, "घातलं का ह्यांनी?" मी रोज हो म्हणते. आज मला खोटं पाडू नका. घड्याळ घालून बसने या, आणि तिच्या खोलीत शिरण्याआधी बाही वर सारा.

इंगविल्ड