होडी सुटण्याची वेळ

गुरु., १२ फेब्रु.
होड्यांच्या वेळांच्या ॲपमध्ये एकही फेरी दिसेना. सकाळ फुकट. जेट्टीच्या होडीवाल्यांचे सेक्रेटरी धनाजीकाका सीएमएसमध्ये, म्हणजे ॲपची माहिती भरायच्या पानावर, फेऱ्या भरतात, माझा कोड एकेक नोंद वाचून तिचा 'फेरी' ऑब्जेक्ट करतो. 'सुटण्याची वेळ'मध्ये काकांनी सगळीकडे लिहिलंय, "पानी आलं का", म्हणजे भरतीचं पाणी आलं की. कोडला घड्याळातली वेळ हवी. नाही मिळाली की अख्खी नोंद बाद.
फोन केला. "अगो, आज आठला पानी हाय, पुडच्या गुरवारी आठला चिखल. होरी काय डोक्यावरून नेऊ?"


शुक्र., १३
सोमवारी डेमो. रश्मी, आमची टीम लीड: "डिफॉल्ट टाक ना यार. वेळ वाचता नाही आली तर आठ." डेमो पडला तर प्रोजेक्ट जाणार, आणि टीममध्ये कॉन्ट्रॅक्टवरची मी एकटीच. टाकलं. सगळ्या फेऱ्या दिसल्या, सगळ्या सकाळी आठच्या. उलव्याला घरी आले, कुकर लावला आणि न जेवता झोपले.

सोम., १६
डेमो झाला. क्लायंट खूश, ॲप लगेच चालू. आठ खोटं आहे, रश्मीला परत सांगितलं. "नंतर बघू." हिचं नंतर मला माहितीये.

गुरु., १९
काकांचा फोन. माणसं आठला जेट्टीवर येतात, समोर चिखल, आणि शिव्या काकांना. "आमचं कोन आयकत नाय. मोबाइलमदी आठ हाय म्हंतात."
पाणी रोज सरकतं, म्हणून काका आकडा लिहीत नाहीत. शब्दांत काहीही लिहिलं तरी आठच...

मंगळ., २४
भांडण नको म्हणून काकांनी आज होडी आठपर्यंत थांबवून ठेवली. पाणी पहाटेच येऊन गेलेलं. माणसं भरल्यावर होडी रुतली. सगळे चिखलातून परत, एका म्हाताऱ्या बाईचा पाय मुरगळला. काकांनी फोनवर सगळं शांतपणे सांगितलं, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली.
रश्मीला न विचारता कोड बदलला. वेळ आता साधा मजकूर, काका लिहितील तेच दिसेल. रिव्ह्यूला टाकलंय, रश्मीने मान्य केलं की चालू होईल.

बुध., २५
रश्मी: "'पाणी आलं की' ही काय वेळ झाली? क्लायंट हसेल. मागे घे, नाहीतर मला वर सांगावं लागेल." बघते म्हटलं. मागे घेतलेलं नाही अजून.
काकांना फोन केला, बदल चालू झाला की पूर्वीसारखं लिहा.  काका म्हणाले, "नको गो. मना कोन मानत नाय आता. तूच सांग, उद्याची वेल काय लिवू?"
मला कुठे पाण्यातलं काय कळतं. सांगते म्हटलं.