भाजलेली केळी कुठे खायची

अबेओकुटा,
शुक्रवार, ६ डिसेंबर १९९६

लाडक्या बशू,

मुलगी झाली! ऐकल्यावर मी फोनच्या दुकानातच नाचले. मालक म्हणाला, "अहो बाई, काचा फुटतील माझ्या!" तू आणि बाळ सुखरूप, अल्लाची कृपा. आम्ही बरे आहोत. गफारी भावजी उद्याच्या विमानाने लंडनला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय.

फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. बाळाला घेऊन आलीस की भाजलेली केळी आणि शेंगदाणे कुठे खायचे, आणि आई फोनवर का येत नाही.

आधी केळ्यांचं सांगते. कुटोच्या मोटारतळावर चुकूनही खाऊ नकोस. ती बाई निखारा नुसता भडकवते, केळं वरून कोळसा आणि आत कच्चं. इटोकूच्या चढावर, रंगारणींच्या दुकानांसमोर सिकिरा बसते. तिची केळी चांगली, ना हिरवी ना पिलपिलीत. पण मेली शेंगदाण्यातली वाळू चाळत नाही, दाताखाली नुसती कचकच. म्हणून केळी सिकिराची घे आणि शेंगदाणे शाळेसमोरच्या म्हातारीचे, बाटलीत भरून विकते तिचे. चालता चालता खा, गरम असताना.

तू म्हणशील, ताई, डोकं फिरलंय का तुझं? पुलाजवळ आपल्या आईची शेगडी असताना मी सिकिराकडे कशाला जाऊ?

शेगडी मी घरी आणून ठेवलीय गं.

आठवतं, गिऱ्हाईक केळी दाबून बघायला लागलं की आई कशी खेकसायची? "काय रे, लग्न करायचंय का केळ्याशी? घे नाहीतर सोड!" आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी हसत परत यायचा. अजूनही येतात. रिकामी जागा बघतात आणि पुढे जातात.

तेव्हा तू पोटुशी होतीस, डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठायचीही बंदी केलेली. लसिसी काकांनी सगळ्यांना दम भरला, "बशीरतला कुणी एक शब्द सांगायचा नाही." मग मी सांगत राहिले, आई बाजारात गेलीय, आई झोपलीय. तू म्हणायचीस, "किती झोपते गं!" फोन ठेवून मी तिथेच रडायचे. आता काका म्हणतात, ओल्या बाळंतिणीला सांगू नका, दूध आटेल, चाळीस दिवस जाऊ देत.

मी काकांचं ऐकलं असतं. पण मंगळवारी बाळाचं नाव ठेवणार आहेस, आणि तुझ्या सासूने सुचवलेलं नाव मला ऐकवलंस. एकदा नाव पडलं की पडलं, बशू. पुढे तूच मला विचारशील, ताई, तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का?

ऑक्टोबरात आई शेगडी पेटवायला वाकली, ती तिथेच पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आपल्या रीतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत माती दिली. तुझी वाट बघता आली नाही. माझ्यावर राग काढ, पण आधी काहीतरी खाऊन घे आणि बाळाला पाज.

आजी गेल्यावर घरात पहिली मुलगी आली की आपल्याकडे तिचं नाव शोधावं लागत नाही. आई तुझ्याकडे येऊ शकली नाही, तू तिच्याकडे येऊ शकली नाहीस. मंगळवारी लेकीच्या कानात सांग: येवांदे, म्हणजेच 'आई मला शोधत आली'.

तुझ्या दोन महिने आधी पोरकी झालेली,
मुलीकत ताई