कंदिलाच्या पेटीवर पाल होती

विक्रोळी,
मे १९८५

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी,

लवूचा अर्धा साष्टांग नमस्कार. गुडघा पुरता वाकत नाही. उरलेला अर्धा गणपतीत गावी येईन तेव्हा घालीन. वहिनींचा दमा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली सोलं आणि कुळथाची पिठी पोचली. (पिठीचं झाकण वाटेत उघडलं होतं. हे ड्रायव्हरची पँट बघून कळलं.) इकडे मी आणि रुक्मिणी दोघं बरी आहोत. पत्राला उशीर झाला, कारण जे घडलं ते कार्डावर मावणारं नव्हतं. शिवाय कार्ड टाकलं की तुमचा पोस्टमन ते आधी देवळाच्या पायरीवर वाचून दाखवतो. म्हणून पाकीट घेतलं. आतला मजकूर तुम्ही एकट्यानं वाचावा. वाचताना बसलेलं बरं.

सत्तावन्न साली आबांनी रवळनाथासमोर नारळ फोडला आणि शब्द दिला, की या घरातलं मत कंदिलाला. तुम्ही शेजारी उभे होता. मी मागे होतो, सव्वीस वर्षांचा, नवा सदरा घातलेला. गावच्या बत्तीस घरांनी त्या दिवशी तसाच शब्द दिला. कंदिलाचा उमेदवार गावात बोटीच्या धक्क्याचं आश्वासन देऊन गेला होता. (धक्का अजून व्हायचा आहे.) पुढे आम्ही मुंबईत आलो. त्या बत्तीस घरांतले निम्मे तरी याच चाळीत आले, आणि शब्दही आमच्याबरोबर आला. प्रत्येक मतदानाला बूथपासून शंभर पावलांवर कंदिलाचं टेबल लागतं, आणि त्या टेबलावर चिठ्ठ्या लिहायला मी बसतो. मतदाराचं नाव, यादीतला नंबर, खोली नंबर. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. गिरणीत असताना बढतीचे अर्ज लोक माझ्याकडून लिहून घेत. (बढती कोणालाच मिळाली नाही, पण अर्ज परत आले ते घडी न मोडता.) संपानंतर गिरणी उघडली ती माझ्याशिवाय. आता साकीनाक्याला गाळ्यांवर रखवाली करतो. पण टेबल सुटलं नाही. माणसाची नोकरी जाते, पक्ष राहतो, असं मी धरून चाललो होतो.

आता पाण्याविषयी लिहितो, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमची चाळ डोंगराच्या चढावर. नळ होता, पाणी नव्हतं. आमचे नगरसेवक भाऊराव पाच निवडणुका पाणी आणत आहेत. माणूस वाईट नाही. लग्नाला येतो, मयताला येतो, पूजेला सगळ्यांच्या आधी येतो. फक्त पाणी येत नाही. चढाच्या खाली, नाल्यापलीकडे, बुद्धविहाराच्या बाजूची वस्ती आहे. तिथे मालनबाई राहते. मी ज्या गाळ्यांवर रखवाली करतो तिथेच ती ड्रिल मशीनवर कामाला आहे. मुंबईत आल्यापासून मी यादीतून तिच्या वस्तीतली नावं वाचत आलो, पण नाला ओलांडून गेलो नव्हतो. कारण विचारू नका. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ही बाई रजा टाकून वॉर्ड ऑफिसात जाऊन बसली. मोर्चा नाही, घोषणा नाही. बरोबर एक सूप आणि तांदळाची पिशवी. साहेबाच्या केबिनसमोरच्या बाकावर बसून तांदूळ निवडायची. चौथ्या दिवशी शिपायानं आपल्या घरचे तांदूळ आणून दिले, तेही निवडले. सातव्या दिवशी साहेबाच्या घरची तूरडाळ आली. नवव्या दिवशी पाइप मंजूर झाला. साहेब म्हणाले म्हणे, की बाई, आता घरात निवडायला काही उरलेलं नाही.

पाणी आलं. पण खालच्यांनी नळाच्या चाव्या उघडल्या की वर चढत नव्हतं. तक्रार करणार कोणाकडे, पाणी आणलं तिनं, ते खाली राहतं ते तिच्याच दारात. दुसऱ्या संध्याकाळी मालनबाई चढ चढून वर आली. धापा टाकत म्हणाली, "काका, सकाळी तुमचं भरून होईस्तोवर आमच्यात कोणी चावी उघडणार नाही. भरलं की वरून ताट वाजवा." एवढंच. चहाही घेतला नाही. तेव्हापासून रोज सकाळी साडेपाचला मी कठड्याशी उभा राहून ताट वाजवतो आणि खाली साठ चाव्या एकदम उघडतात. नाना, तो आवाज मी लिहून सांगू शकत नाही. मी गिरणीत हजार माग एकदम सुरू होताना ऐकले आहेत. हा त्याहून मोठा वाटतो.

एक दिवस मी ताट वाजवायला विसरलो. आमची पिंपं भरली, मी चहा घेतला, ड्यूटीवर गेलो. पाणी सात वाजता जातं. साकीनाक्याला पोचल्यावर आठवलं. परतताना मी नाल्याकडून आलो, आयुष्यात पहिल्यांदा. एकाही घरात पाणी नव्हतं. साठ घरं चावीवर हात ठेवून सात वाजेपर्यंत थांबली होती. एकानंही उघडली नव्हती. मी शिव्यांची तयारी करून उभा राहिलो. मालनबाईनं मला पाहिलं आणि विचारलं, "काय काका, ताट चोरीला गेलं काय?" आणि सगळी वस्ती हसली. मला हसता आलं नाही. मी इतकी वर्षं पक्षात आहे. आमच्या मीटिंगमध्ये चार माणसं पाच मिनिटं एका शब्दावर राहिलेली मी पाहिलेली नाहीत.

एप्रिलात निवडणूक लागली. मालनबाई छत्रीवर उभी राहिली. माझी झोप गेली. एका बाजूला ते ताट, दुसऱ्या बाजूला आबांचा नारळ. आमच्या घरात जे जे बरं झालं, ते त्या शब्दामुळे, असं मी मानत आलो. पोरीचं लग्न झालं, पोरगा पोस्टात लागला, माझा गुडघा एकच गेला, दोन नाही. शब्द मोडला तर काय होईल याची मी मनात यादी केली. त्यात तुमची गायसुद्धा होती. शेवटी ठरवलं, रुक्मिणीला सांगायचं. तिलाही मत आहे, तीही त्या शब्दात बांधलेली. ती सुके बांगडे निवडत होती. मी आंघोळ करून, देवाला दिवा लावून तिच्यासमोर पाटावर बसलो आणि म्हणालो, की आपण दोघं आजवर कंदिलाशी इमानदार राहिलो, पण आता एक मोठा निर्णय घ्यायची वेळ आली आहे. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "माझा कसला इमान? मी कंदिलाक कधी दिलंयच नाय."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. सत्तावन्न साली, तुम्हाला आठवत असेल, शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पडद्यामागे ओळीनं मांडलेली. ही पडद्यामागे गेली तर, "कंदिलाच्या पेटयेर पाल होती. मी शेजारच्या पेटयेत टाकलंय." मग रात्रभर जागी राहिली, की आता घरावर काय येतंय. काही आलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी कोंबडीनं अंडी घातली. पुढल्या वेळी पाल नव्हती, तरी तिनं मनाला येईल तिथे दिलं. त्यानंतर प्रत्येक वेळी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? यावर तिनं जे उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "तुम्ही खंय इचारलास? आणि मुंबयत ती एकच जागा असा, जंय माका कोण हाक मारीत नाय." नाना, आमची खोली दहा बाय बारा. तीत कधीकाळी नऊ माणसं राहिली. ही बाई पाच वर्षांतून एकदोन वेळा पुठ्ठ्याच्या तीन भिंतींत दोन मिनिटं एकटी उभी राहायची, आणि तेवढ्यासाठी सकाळपासून केसांना तेल लावून तयार व्हायची. मला वाटायचं, पक्षाचं प्रेम. मी तिच्या हातचं तीस वर्षं जेवलो आणि मला माहीत नव्हतं, की समोर कोण बसलं आहे. ती म्हणाली, उठा, बांगड्यांवर सावली पडते.

मतदानाच्या दिवशी नेहमीप्रमाणे टेबलावर बसलो. तीनशेच्यावर चिठ्ठ्या लिहिल्या. दुपारी गर्दी उतरल्यावर छातीवरचा कंदिलाचा बिल्ला काढून खिशात ठेवला आणि आत गेलो. शाळेचा वर्ग. बोटाला शाई लावली, कागद दिला, शिक्का दिला. मी पुठ्ठ्यामागे गेलो. आणि खरोखर, नाना, तिथे कोणी नव्हतं. कागदावर कंदील होता, छत्री होती, बाकी चार होते. इतकी वर्षं मी तिथे जाऊन डोळे मिटल्यासारखा शिक्का मारून बाहेर यायचो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हा कागद कोणाचाच नाही, माझा आहे. छाती धडधडायला लागली. आणि छाती धडधडली की आपल्याकडची माणसं जे करतात ते मी केलं. हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. मनातल्या मनात घालत होतो असं मला वाटत होतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुझो लेकरू हयसर हुबो रवलो हा म्हाराजा!" पुठ्ठ्यापलीकडून, दारातल्या रांगेतून, दहा-बारा गळ्यांनी उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं कानावर पडलं की आपल्या माणसाला गप्प राहता येत नाही, हे तुम्ही जाणता. आणि उत्तर आल्यावर गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही, हेही. "माझ्या बापाशीन तुझ्या पायाकडे शबूद दिल्यान, तो आजपातूर पाळलो!" व्हय म्हाराजा. "आता पायपाक पाणी इला, ता कोणी हाडल्यान ता तुका म्हायत असा!" व्हय म्हाराजा. (हे फार मोठ्यानं आलं.) "आज हातून काय उणाअधिक झाला, तर पोटात घाल म्हाराजा!" व्हय म्हाराजा! बूथचे अधिकारी घाटकोपरच्या शाळेतले मास्तर होते, आपल्याकडचे नव्हेत. ते खुर्चीवरून उठून ओरडले, "अंगात आलंय यांच्या! पाणी आणा!" दारावरचा हवालदार धाकू, कणकवलीकडचा, टोपी काढून हात जोडून उभा होता. मास्तरांनी त्याला विचारलं, हे नियमात बसतं का? तो म्हणाला, साहेब, मधे बोलू नका, कोप होतो.

मी शिक्का मारला, कागदाची घडी केली, पेटीत टाकला आणि बाहेर आलो. रांगेतल्या माणसांनी मला वाट करून दिली. टेबलाशी भाऊराव उभे होते. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी बिल्ला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. म्हणाले, "लवू, तू देवालाच मधे घातलंस. आता मी काय बोलणार?" आणि मला चहा मागवला. असा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. मालनबाई निवडून आली. सगळ्यात जास्त मतं तिला आमच्याच बूथवर पडली, जिथे तीनशेच्यावर माणसं माझ्या हातची, वर कंदील छापलेली चिठ्ठी घेऊन आत गेली होती. तेव्हा मला उमगलं, की त्यांचं व्हय म्हाराजा इतकं मोठं का होतं. नाना, मी त्यांची नावं, वयं, खोली नंबर पाठ म्हणून दाखवीन. बाकी मला त्यांच्यातलं काहीही माहीत नाही.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. धूर टाळायला सांगा वहिनींना.

तुमचा,
लवू

ता. क. मूळ काम राहिलं. देवळात कौलाला तुम्ही उभे राहता म्हणून लिहितो. आबांचा शब्द सोडवून घ्यायचा आहे. एकट्या माझ्या नावानं नको, चाळीतल्या गावच्या सगळ्या घरांच्या नावानं. पत्र लिहितोय हे कळल्यावर कालपासून एकेक जण येऊन कानात सांगून गेला, की शब्द त्यानंही मोडलाय. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. देवाला विचारा, सगळ्यांना मिळून एक नारळ चालेल की ज्याचा त्यानं फोडायचा? देव हो म्हणेपर्यंत, उजवी पाकळी पडेपर्यंत विचारा.

ता. क. २. रुक्मिणीचं नाव घेऊ नका. ती म्हणते, तिनं शब्द दिलाच नव्हता. नारळ फुटला तेव्हा ती विहिरीवर होती.

ता. क. ३. त्या दिवशी आबांच्या शेजारी तुम्हीही हात जोडून उभे होता. तुम्ही आजवर कोणाला देत आलात, नाना? (उत्तर लिहू नका.)

ता. क. ४. सगळी चाळ धरून चालली आहे, की मी छत्रीवर मारला. भाऊरावही, मालनबाईही. गाऱ्हाण्यात मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. काल जेवताना रुक्मिणीनं विचारलं, खरं सांगा, कोणाक दिलास? मी म्हणालो, तिथे मला कोणी हाक मारत नव्हतं. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, लग्नानंतर प्रथमच कोणी नवा माणूस घरात आल्यासारखी. मग तिनं आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.