सातवी नोंद

रविवार, १८ जानेवारी २००४

काल संध्याकाळी कळंबच्या किनाऱ्यावर मी आणि मेल्विननं मृग नक्षत्राचे सहा फोटो काढले, प्रत्येकी पाच मिनिटांचे. इतका वेळ बटण दाबून धरलं तर कॅमेरा हलतो, म्हणून शटर माझा लॅपटॉप उघडतो नि मिटतो, आणि वेळही लिहून ठेवतो. तो प्रोग्रॅम मेल्विननंच लिहिलाय. माझ्याच शाळेत गणित शिकवतो तो.

आज सकाळी लॅपटॉपवर पाहिलं तर वेळेच्या नोंदी सात! सातवी, मी चहा आणायला गेले होते तेव्हाची. कॅमेऱ्याच्या कार्डात फोटो मात्र सहाच. मेल्विननं एक पुसला का? कशासाठी?

फोन केला. म्हणाला, "अगं, प्रोग्रॅमच चुकला असेल."

स्वतःच्या प्रोग्रॅमला चूक म्हणणारा मेल्विन मी आजवर पाहिलेला नाही. दिवसभर ती सातवी नोंदच डोक्यात.

शेवटी गोखिवऱ्याला त्याच्या घरी गेले. सरळच विचारलं, "सातवा फोटो कुठाय?"

म्हणाला, "त्यात एक अंधुक ठिपका होता. ताऱ्यांच्या नकाशात नव्हता. मला वाटलं, नवा धूमकेतू. पेन ड्राइव्हवर घेतला नि कार्डावरून पुसला."

"एकट्याच्या नावावर लावायला?"

त्यानं मान खाली घातली. "पण ते कॅमेऱ्याच्या भिंगात पडलेलं उजेडाचं प्रतिबिंब निघालं गं. सॉरी."

मी हसले. जाऊ दे म्हणाले. पण परतताना रिक्षात एकच घोळत राहिलं. खरंच धूमकेतू निघाला असता, तर यानं मला कधी सांगितलं असतं का?