अच्छन दोनदा वारले त्याची हकीकत

पुळक्करा,
२० फेब्रुवारी २०२०

ती. चेरियच्छन यांना सुमंगलाचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? चेरियम्मांचा रक्तदाब खाली आला का? (त्यांनी कैरीचं लोणचं सोडलेलं नाही, हे मला इथे बसूनही कळतं.) पहिली गोष्ट म्हणजे अच्छन, माझे वडील आणि तुमचे सख्खे थोरले भाऊ, वारलेले नाहीत. बसस्टँडपाशी त्यांचा हार घातलेला फोटो आणि खाली ‘आदरांजली’ असा फलक लागला होता, त्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असणारच. तो वाचनालयाच्या मंडळींनी घाईघाईने लावला. अच्छन स्वतः जाऊन बघून आले आणि फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा का वापरला म्हणून सेक्रेटरीशी भांडून आले. तेव्हा तब्येत तशी बरी आहे, एक खोकला सोडला तर.

पण सगळं रामायण त्या खोकल्याचंच आहे. चार महिने झाले, थांबत नाही. नेसलेलं मुंडू कमरेवर टिकत नाही, सारखी गाठ मारतात. मी तालुका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं एक्स-रे काढते, अर्ध्या गावाच्या बरगड्या मला तोंडपाठ आहेत, आणि माझ्याच बापाची छाती मला बघायला मिळेना. म्हणे, नटाचं आतलं कुणी बघायचं नसतं. मी विनवण्या केल्या, रडले, दोन दिवस अबोला धरला. (अबोला आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.)

तेवढ्यात चीनमधल्या त्या नव्या रोगाची बातमी आली आणि मागोमाग वरून हुकूम आला की रोगी यायच्या आत एक्स-रे विभाग सज्ज ठेवा. आमचे मोठे डॉक्टर थंकच्चन हे कुठलाही हुकूम आला की आधी रंगीत टेप मागवतात. लाल पट्टी रोग्यांची, हिरवी निरोग्यांची, आणि दोघी कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत. आता हॉस्पिटलला मार्ग एकच, म्हणून लाल पट्टी कँटीनमधून, केळ्याची पळंपोरी तळायच्या कढईला वळसा घालून नेली. हिरवी टेप औषधांच्या गोदामापाशी संपली, त्यामुळे नियम पाळणारे दोन डॉक्टर दुपारपर्यंत गोदामापाशीच उभे होते. फिरतं एक्स-रे मशीन आम्ही प्लास्टिकमध्ये इतक्या काळजीने गुंडाळलं की त्याचं बटण सापडेना. आम्ही स्वतः शिशाच्या एप्रनवर पांढरा पोशाख, त्यावर चष्मा, दोन मास्क असे नटलो. कोण कुणाला ओळखेना. मी अर्धा तास ज्या नर्सला रागावत होते ते थंकच्चन डॉक्टर निघाले.

मग रंगीत तालीम ठरली आणि खोटा रोगी हवा होता. अच्छनचं नाव मी सुचवलं. लपवत नाही, तो माझा डाव होता. तालमीत मशीन नुसतं दाखवायचं होतं, पण थंकच्चन डॉक्टरांकडून मी अच्छनच्या नावाची खरी चिठ्ठी आधीच लिहून घेतली होती. रोगी खोटा, एक्स-रे खरा. अच्छनना मी एवढंच सांगितलं की मुख्य भूमिका आहे. त्यांनी संवाद किती ते विचारलं आणि दाढी करायला बसले.

आमचे हेल्थ इन्स्पेक्टर हमजा यांनी रीतीप्रमाणे विचारलं की आजवर कुठेकुठे गेला होतात. ‘गेल्या चौदा दिवसांत’ म्हणायचं ते विसरले. अच्छननी एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उत्सवातल्या नाटकापासून सुरुवात केली. हमजा नियमाचे पक्के, लिहीत गेले. संपर्कात आलेले प्रेक्षक अंदाजे दोन लाख भरले. ‘सर्वांत जवळचा संपर्क’ या रकान्यात अच्छननी तुमचं नाव घातलं, चेरियच्छन. मी फक्त तुम्हाला कळवते.

पहिल्या दिवशी स्ट्रेचर लाल पट्टीवरून निघालं, कँटीन ओलांडलं, आणि एक्स-रेच्या दारापासून तीन हातांवर अच्छन उठून बसले, छताकडे बघून हसले आणि मेले. आम्ही लिहून दिलं होतं फक्त ‘थोडा ताप’. साडेसहा मिनिटं मरत होते. कँटीनवाल्याने गॅस बंद केला, बाळंतिणींच्या वॉर्डातून बायका बघायला आल्या.

“अहो वेलायुधेट्टा, मरायचं कुठे ठरलं होतं?” हमजा अच्छनवर ओरडले. “माझ्याकडे मेल्याचा फॉर्मच नाही!”

“भूमिकेची मागणी होती,” अच्छन डोळे मिटूनच म्हणाले.

मेलेल्याचा एक्स-रे काढत नाहीत म्हणून तालीम तिथेच मोडली. हमजांनी अहवालात ‘मृत्यू : एक’ लिहिलं. ते वाचनालयाच्या सेक्रेटरीने वाचलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून न मरण्याची शपथ घेतली. ते टेबलापर्यंत जिवंत आले. पाठीखाली प्लेट सरकवली, बटणही सापडलं. श्वास ओढून धरा म्हटलं की खोकला. पुन्हा म्हटलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तर टेबल हाललं. तो अभिनय नव्हता. मला फार भीती वाटली. मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “अच्छन, मरा आता. पण पडदा पडेपर्यंत हलायचं नाही.”

त्यांचा चेहरा असा खुलला! तुमच्या नाटकांत ते अख्खा अंक प्रेत होऊन पडायचे, नाकावर डास बसला तरी पापणी हलायची नाही. तसेच पडले. एकोणीस वर्षांत इतका स्थिर पेशंट मला मिळाला नव्हता. मी बटण दाबलं आणि चष्म्याच्या आत रडले. (पुसता येत नाही, नियम आहे.)

जिल्ह्याने आमच्या विभागाला शाबासकी दिली. चेरियम्मांना नमस्कार सांगा आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवा.

आपली,
सुमंगला

ता. क. : एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे. थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या तर पूर्ण बरे होतील, असं डॉक्टर म्हणतात. अच्छन म्हणतात, तालीम संपली, आणि गोळ्या जास्वंदीच्या कुंडीत टाकतात. त्यांना बाकी कशासाठीही काही करवत नाही, नाटकासाठी करवतं. म्हणून पाया पडून मागते, सहा महिने चालेल असं एक नाटक लिहा, ज्यात नायक रोज सकाळी गोळ्या घेतो. तुम्ही आठ नाटकांत त्यांना मारलंत, शेवटच्यात तर पहिल्याच अंकात, आणि त्यावरून अकरा वर्षं तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. या वेळी त्यांना मारू नका.

ता. क. २ : मी पाकीट आणायला गेले तेवढ्यात अच्छननी पत्र वाचलं. खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत.

दामोदरा, सहा महिन्यांचं नाटक तुला एकट्याला झेपणार नाही. तिसऱ्या महिन्यात तू मला मारशील. इथे येऊन राहा आणि रोज एक प्रवेश माझ्यासमोर बसून लिही. पहिली गोळी तू आल्यावर घेईन. तोवर खोकतो.